बागेतली जाळी: दिवाळीचा झाडू अंगणात फिरवण्याआधी

परसबाग_तिलकनगर

मंडळी, नवरात्र आटोपलं की आपल्या इंदुरात घरोघरी आवराआवर सुरू होते. लांब काठीचा झाडू हातात आला की छताची जळमटं काढता काढता माणूस अंगणात उतरतो आणि कुंपणावरची, जास्वंदीवरची, कढीपत्त्यातली जाळीही त्याच झटक्यात जातात. माझी कळकळीची विनंती आहे, अंगणात आल्यावर झाडू खाली ठेवा. नेमके याच दिवसांत बागेतले कोळी पूर्ण वाढलेले असतात. पावसाळाभर किडे खाऊन मोठ्या झालेल्या माद्या आता अंडी घालायच्या बेतात आहेत.

माझ्याकडे गवती चहा आणि कुंपणाची जाळी यांच्या मधल्या जागेत सिग्नेचर कोळ्याची मादी बसलेली आहे. शास्त्रीय नाव आर्जिओपी. पोटावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे, डोक्याकडचा भाग चंदेरी, आणि बसते कायम डोकं खाली करून. आठ पाय जोडीजोडीने जुळवते, त्यामुळे चारच पाय आहेत असं वाटतं आणि फुली दिसते. त्याच फुलीच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी पट्ट्या असतात.

ज्या पहाटे नर्मदेचे नळ येतात तेव्हा मी उठलेलीच असते. टाकी भरेपर्यंत टॉर्च घेऊन तिचं काम बघते. बाहेरची चौकट शाबूत असली तर ती तेवढी ठेवते, आतलं जुनं जाळं गोळा करून चक्क खाऊन टाकते. मग केंद्रापासून चौकटीपर्यंत आरे टाकत सुटते. एक आरा वरच्या बाजूला, तर दुसरा खालच्या, म्हणजे ताण सगळीकडे सारखा राहतो. पुढच्या पायांनी चाचपडून दोन आऱ्यांत जागा जास्त वाटली तर तिथे आणखी एक. आरे झाले की आतून बाहेर विरळ फेरे घेते. हे चिकट नसतात, पुढच्या कामाला चालायला आधार म्हणून तात्पुरते घातलेले असतात. खरा चिकट धागा त्यानंतर, तोही बाहेरच्या कडेपासून आत येत. मागच्या पायाने धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढे सरकायचं, परत टेकवायचा. जसजशी आत येते तसतसे मघाचे तात्पुरते फेरे तोडत येते. तासाभराच्या आत सगळं तयार. टॉर्चच्या उजेडात तो मागचा पाय इतक्या वेगात हलतो की नजर ठरत नाही.

अगदी नवी जागा असेल तर पहिला धागा वाऱ्यावर सोडतात. तो समोरच्या फांदीला अडकला की ताणून घ्यायचा आणि तिथून कामाला लागायचं. दोन झाडांच्या मध्ये, आठ-दहा फुटांच्या अंतरावर जाळं कसं बांधलं असेल हा प्रश्न पुष्कळांना पडतो, त्याचं उत्तर हे आहे.

तुमच्या अंगणात कोणकोणते कोळी आहेत ते लिहा. आणि जाळी काढताय का ठेवताय, तेही.

रामबाग_वहिनी

ताई, वाचायला छान वाटलं, पण मला कोळ्याची मनापासून भीती वाटते. आमच्या फाटकाच्या दोन खांबांमध्ये रोज सकाळी जाळं असतं आणि ते थेट तोंडावर येतं. घरात लहान मूल आहे. शिवाय मागच्या पावसाळ्यात यांच्या मानेवर लाल चट्टा उठून पाणी भरलं होतं. शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "मकडी मसल गई." मग मी ते जाळं ठेवू कशी?

निवृत्त_मास्तर

वहिनी, तुमची भीती समजते, म्हणून आधी त्या चट्ट्याचं सांगतो. आपल्या माळव्यात असा चट्टा उठला की दोष ठरलेला असतो, कोळी अंगावर चिरडला म्हणून. प्रत्यक्षात पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक लांबट भुंगेरा असतो, पेडेरस नावाचा, काळा आणि नारिंगी. तो चावत नाही. मानेवर बसला आणि आपण नकळत हाताने रगडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य त्वचेला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी जळजळ होऊन फोड येतात. म्हणून असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडायचा नाही, आणि जागा साबणाने धुवायची. एकाच बाजूला, पट्ट्यात फोड आले आणि दुखत असतील तर ती नागीण असू शकते. तिथे मात्र घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. कोळ्याचा या दोन्हींशी संबंध नाही.

बागेत गोल जाळं विणणारे आपल्याकडचे कोळी माणसाला धोकादायक नाहीत. विष असतं, पण ते किड्यांसाठी. मुठीत दाबलात तर चावेल, मधमाशी डसल्यासारखं थोडं दुखेल. एरवी त्रास दिला तर आर्जिओपी आधी सगळं जाळं गदागदा हलवते, नाही भागलं तर जाळ्याच्या पलीकडच्या बाजूला जाते, आणि अगदीच झालं तर धागा सोडून खाली गवतात उतरते. अंगावर धावून येत नाही.

तुमच्या फाटकावरचं जाळं संध्याकाळी होतं आणि ऊन चढेपर्यंत नाहीसं होतं का, ते बघा. तसं असेल तर तो निओस्कोना असणार. तो दिवसभर पानाच्या आड पाय आखडून बसतो, तिन्हीसांजेला जाळं विणतो, रात्रभर पतंग आणि डास-चिलटं पकडतो, आणि पहाटे बहुतेक वेळा जाळं खाऊन परत पानाआड जातो. फाटकावरचा दिवा रात्रभर चालू असेल तर तो तिथेच बांधणार, कारण किडे तिथे येतात. दिवा लवकर बंद करा, तो आपोआप दुसरी जागा बघेल.

कॉलनी_सचिव

सगळं मान्य आहे, पण आपल्या शहराला २०१७ साली स्वच्छतेत पहिला नंबर मिळाला तेव्हापासून लोकांची नजर बदलली आहे. कॉलनीच्या बागेत जाळी दिसली की तक्रार येते, "देखभाल होत नाही का?" मला पुढच्या बैठकीत सांगावं लागेल की आम्ही जाळी मुद्दाम ठेवली आहेत. काय कारण सांगू?

परसबाग_तिलकनगर

सचिवसाहेब, हेच सांगा की गोल जाळं ही घाण नाहीच. जी धूळ बसून काळी लोंबतात ती घरातली जळमटं, बरीचशी सोडून दिलेली. ती खुशाल काढा, मीही काढते. बागेतला गोल जाळ्याचा कोळी आपलं जाळं स्वतः आवरतो, बहुतेक रोज. धूळ आणि कचरा बसून चिकटपणा गेला तर त्याचाच उपवास घडतो, मग तो जुनं जाळं ठेवेल कशाला? सर जास्त नीट सांगतील.

निवृत्त_मास्तर

बरोबर आहे. चिकट फेऱ्यांवर सरसाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. त्या थेंबांत हवेतली ओल शोषून घेणारे क्षार असतात, म्हणून ते ओले आणि चिकट राहतात. धूळ, परागकण, ऊन यांनी ते निकामी होतात. रेशीम म्हणजे प्रथिन, ते फेकून देणं परवडत नाही, म्हणून खाऊन परत वापरायचं. १९७१ साली डेव्हिड पीकॉल यांनी किरणोत्सर्गी खूण केलेलं रेशीम कोळ्यांना खायला मिळेल अशी व्यवस्था केली आणि पाहिलं, तर त्यातला बहुतांश भाग नव्या जाळ्यात परत आला होता.

आणि एकच धागा सगळीकडे वापरतात असं नाही. गोल जाळ्याच्या कोळिणीच्या पोटात रेशमाच्या सात प्रकारच्या ग्रंथी असतात. चौकट आणि आरे यांचा धागा वेगळा, मजबूत आणि कमी ताणणारा. फेऱ्यांचा धागा वेगळा, लवचिक, म्हणून वेगात येऊन आदळलेला किडा उसळून बाहेर पडत नाही. सरसाची ग्रंथी वेगळी, शिकार गुंडाळायच्या रेशमाची वेगळी, अंड्यांच्या पिशवीची वेगळी. प्रत्येक किड्याच्या मागे हे सगळं काम चालू असतं. बैठकीत हे ऐकवा, लोक ऐकतील.

शेत_सांवेर

आमचं सोयाबीन आहे. नुकतंच काढून झालं. शेंगा भरताना ओळींमध्ये इतके कोळी असतात की पहाटे दहिवर पडलं की पॅन्ट जाळ्यांनी भरते. तुडतुडे, पांढऱ्या माश्या, लहान पतंग त्यांत अडकलेले दिसतात. मी एकच गोष्ट बघितली आहे: सगळ्या अळ्या-किड्यांवर चालणारं जहाल औषध मारलं की कोळी आधी जातात. कीड पंधरा दिवसांत परत येते, कोळी त्या हंगामात परत येत नाहीत. म्हणून बांधावरचं गवत मी पूर्ण साफ करत नाही.

एक मात्र आहे. लोक त्यांना सरसकट मित्रकीटक म्हणतात तेव्हा पटत नाही. मधमाशी अडकली तर तीही खातात.

निवृत्त_मास्तर

दादा, लाखातलं बोललात. फक्त "कीटक" तेवढं बदला. कोळी आठ पायांचा, शरीराचे दोन भाग, पंख नाहीत, मिशा नाहीत, विंचवाच्या नात्यातला. बाकी तुमचं निरीक्षण चोख आहे. कोळी निवड करत नाही, जाळ्यात येईल ते खातो. पण शेतात उडणाऱ्यांत उपद्रवी किड्यांचीच संख्या जास्त असते, त्यामुळे हिशेब आपल्या बाजूने राहतो.

आठवीची_आई

माझ्या मुलीला शाळेत प्रकल्प आहे. तिचे तीन प्रश्न आहेत, जसेच्या तसे देते. कोळी स्वतः जाळ्यात का चिकटत नाही? त्याला शिकार अडकल्याचं कसं कळतं? आणि त्या पांढऱ्या नागमोडी पट्ट्या कशासाठी? तिने एक अगदी लहान कोळी पाहिला, त्याच्या जाळ्यात पट्ट्या नव्हत्या, मधोमध पांढरी गोल चकती होती.

निवृत्त_मास्तर

मुलीला शाबासकी द्या, विशेषतः त्या चकतीसाठी. आर्जिओपीच्या बऱ्याच जातींची पिल्लं चकती विणतात आणि वाढल्यावर फुलीच्या पट्ट्यांवर येतात. तिने पाहिलेलं पिल्लू असणार.

चिकटत नाही, याचं निम्मं कारण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आरे कोरडे असतात आणि कोळी शक्यतो आऱ्यांवरूनच चालतो. पण विणताना मागचा पाय चिकट धाग्याला सारखा लागतोच. तिथे पायांवरचे फाटे फुटलेले बारीक केस कामी येतात, धाग्याशी संपर्क अगदी थोडा होतो. शिवाय पायांवर चिकटू न देणारा लेप असतो. पाय काढतानाही तो ओढून न काढता सावकाश सरकवत काढतो.

शिकारीचं कळतं ते पायांनी. डोळे आठ असतात, पण जाळेवाल्यांची नजर अधू. पायांच्या सांध्यांजवळ कवचाला बारीक चिरा असतात, धाग्यावरून आलेलं कंपन तिथे कळतं. वाऱ्याचं हलणं निराळं, माशीची फडफड निराळी, आणि जाळ्याच्या कडेला येऊन ठराविक लयीत धागा छेडणाऱ्या नराची खूण निराळी. ही तिसरी ओळखणं नराच्या जिवाचा प्रश्न असतो, कारण मादी त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

कंपन कळलं की ती केंद्रावरून एकेक आरा ओढून बघते. जो जड लागला त्या दिशेला धाव. आणि इथे मुलीला एक प्रयोग बघायला सांगा. टोळ किंवा माशी अडकली तर आर्जिओपी आधी चावत नाही. पाठ फिरवून मागच्या पायांनी रेशमाचा रुंद पट्टा तिच्यावर टाकते, शिकार गरगर फिरवते, बाळाला दुपट्यात बांधावं तसं घट्ट गुंडाळते आणि मगच चावते. पण फुलपाखरू किंवा पतंग आला तर उलट, आधी चावा आणि मग गुंडाळणं. पतंगाच्या पंखांवर सुटे खवले असतात, ते धाग्याला चिकटून राहतात आणि पतंग निसटतो. वेळ घालवला तर शिकार गेली. याच वंशाच्या पनामातल्या एका जातीवर मायकेल रॉबिन्सन यांनी १९६९ साली हे तपशीलवार मांडलं होतं, ते इथल्या कुंपणावरही दिसतं.

पट्ट्यांवर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. आयस्नर आणि नोविकी यांनी १९८३ मध्ये दाखवलं की पट्ट्या असलेलं जाळं पक्ष्यांना दिसतं आणि ते टाळतात, त्यामुळे जाळं वाचतं. क्रेग आणि बर्नार्ड यांनी १९९० मध्ये वेगळं मांडलं, की या पट्ट्या अतिनील प्रकाश परावर्तित करतात आणि किडे तिकडे ओढले जातात. पोट भरलेली कोळीण जास्त पट्ट्या विणते असंही दिसलं आहे. माझं स्वतःचं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण दिवसभर उघड्यावर बसणाऱ्या कोळ्यांतच हा प्रकार आढळतो. रात्री विणून पहाटे आवरणारा निओस्कोना असलं काही विणत नाही.

प्रकल्पात आणखी एक घालता येईल. जाळं नीट बघितलं तर केंद्र बरोबर मध्ये नसतं, वर सरकलेलं असतं. खालचा भाग मोठा, कारण कोळी खालच्या दिशेला जास्त वेगाने धावू शकतो. मग वजनच नसेल तर काय होईल? हा प्रश्न जुडिथ माइल्स नावाच्या एका अमेरिकन शाळकरी मुलीने विचारला, आणि १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर ॲराबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळिणी पाठवण्यात आल्या. सुरुवातीची जाळी विस्कळीत झाली, पण थोड्या काळाने ॲराबेलाने तिथेही नीट गोल जाळं विणलं.

आठवीची_आई

सर, शाळकरी मुलीचं वाचून ही तर उड्या मारतेय. उद्या पहाटे उठवा म्हणाली.

रालामंडळ_भटक्या

कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांसाठी दोन शब्द. जाळं फोटोत उठून दिसावं म्हणून काही जण त्यावर टाल्कम पावडर किंवा मैदा उडवतात. कृपा करून असं करू नका, सगळा सरस वाया जातो आणि त्या कोळ्याला पूर्ण जाळं परत विणावं लागतं. सूर्य समोर ठेवून, मागे गडद झाडी येईल अशा कोनातून घ्या, एकेक धागा दिसतो.

सातपुड्याच्या जंगलात गेलात तर नेफिला बघा. पाय धरून मादी तळहाताएवढी, जाळ्याला सोनेरी झाक. ती रोज जाळं मोडत नाही, फाटलेला भाग तेवढा दुरुस्त करते. शिकारीला आधी चावते, गुंडाळते मागाहून. तिच्याच जाळ्यात कडेला चांदीच्या थेंबाएवढे बारीक कोळी दिसतील, ते आर्जिरोडिस. स्वतः फारसं जाळं न बांधता मोठ्या कोळिणीने पकडलेल्या लहानसहान किड्यांवर जगतात. तंबूसारखं आडवं जाळं बांधणाऱ्या सिर्टोफोराकडेही ते असतात, आणि तो तर निवडुंगावर, घायपातावर आपल्या शहरातही सापडतो.

ग्वाल्हेरचा_बाभूळबंद

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या बाहेर बाभळीवर वेगळाच प्रकार. काट्यांत मळकट पांढरे पुंजके, आत शेकड्याने कोळी एकत्र राहतात. लहानपणापासून बघतोय. हे कोणते?

निवृत्त_मास्तर

स्टेगोडायफस. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या अगदी मोजक्या अशा एकत्र राहतात, त्यातली ही आपल्याकडची. यांच्या धाग्याला सरस नसतो. बारीक विंचरलेल्या लोकरी धाग्यात किड्यांचे पाय गुंततात. मोठा टोळ आला तर सगळे मिळून ओढतात. यांच्या माद्या पिल्लांना आधी तोंडातून रस भरवतात, आणि शेवटी पिल्लं आईलाच खातात. वाचायला क्रूर वाटतं, पण त्या कोरड्या काटेरी रानात पिल्लांना सुरुवातीचं अन्न त्यातूनच मिळतं.

जुनी_इंदूरकर

खिडकीच्या चौकटीवर मातीचं घरटं होतं, ते काल सफाईत फोडलं. आत दहा-बारा कोळी, मेलेले वाटले पण पाय किंचित हलत होते. कशामुळे?

परसबाग_तिलकनगर

ते कुंभारणीचं घरटं. ती कोळ्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही. मातीच्या प्रत्येक खोलीत कोळी भरून एक अंडं घालते आणि तोंड लिंपते. अळीला ताजं अन्न मिळावं म्हणून. पुढच्या वेळी घरटं मातीच्या तोंडाला भोक पडलेलं असेल तरच काढा, म्हणजे आतली कुंभारीण उडून गेलेली असते.

माझ्या खताच्या खड्ड्यावरही या दिवसांत जाळ्यांची गर्दी होते. खत मी इंदूर पद्धतीनेच करते, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपल्याच शहरात, १९२४ ते १९३१ या काळात इथल्या संस्थेत काम करताना बसवलेली. खड्ड्यावर चिलटं येतात, चिलटांमागे कोळी. चिलटांसाठी मला औषध मारावं लागत नाही.

कॉलनी_सचिव

बैठकीत ठरलं: आतल्या रस्त्याकडची जाळी काढायची, मागच्या कुंपणाची रांग तशीच ठेवायची. माळी विचारतोय, छाटणी दिवाळीआधी करायची आहे, तिथे पानांत फिकट रंगाच्या कागदी पिशव्या लटकताहेत. काढू का?

निवृत्त_मास्तर

काढू नका, त्या अंड्यांच्या पिशव्या आहेत. एकेका पिशवीत शेकडो अंडी असतात. मादी त्या घालून काही दिवसांत मरते, त्यामुळे जवळ जाळं नसलं तरी पिशवी रिकामी समजू नका. पिल्लं बाहेर आली की काही दिवस एकत्र राहतात, मग उंच टोकावर चढून पोट वर करतात, धागा हवेत सोडतात आणि उडून पांगतात. नुसत्या वाऱ्यावरच नाही, हवेतल्या विद्युतक्षेत्राचाही त्यांना आधार मिळतो, हे २०१८ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं.

माळ्याला सांगा, पिशवीच्या दोन्ही बाजूंची वीतभर फांदी सोडून छाटायचं. ती फांदी जाणारच असेल तर पिशवीसकट कापून कुंपणाच्या त्याच बाजूला, त्याच उंचीवर सुतळीने बांधायची, आणि पाइपचं पाणी थेट तिच्यावर मारायचं नाही.